राजा–रेक्स, क्षत्रप–छत्रपती, अयोध्या–अयुत्थया : सारख्या नावांचे नाते कसे तपासावे

आपण पाठवलेल्या यादीत आठ जोड्या आहेत : राजा–रेक्स, केसरी–सीझर, क्षत्रप–छत्रपती, शाह–शहा, राम–रामेसेस, दशरथ–तुश्रत्त, अयोध्या–अयुत्थया आणि कंबोज–कंबोडिया. यादीखाली ‘जगातील सर्व राजपदव्या व राजनगरे एकाच मुळातून निघाली’ असा निष्कर्ष आहे. तो आपल्याला पटत नाही, पण सगळी यादी थोतांड आहे असेही म्हणवत नाही, तेव्हा खरे-खोटे निवडायचे कसे, असा आपला प्रश्न आहे. आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. माझ्या हिशेबाने आठांपैकी दोन जोड्या निखळ खऱ्या आहेत, एक अर्धी खरी आहे, एक वादग्रस्त आहे आणि चार चुकीच्या आहेत.

दोन नावे किती सारखी ऐकू येतात, यापेक्षा ती सारखी का ऐकू येतात, हा खरा प्रश्न आहे. साम्य अनेक वाटांनी येते. दोन भाषा एका जुन्या भाषेच्या लेकी असतील, तर शब्द वारशाने दोघींकडे येतो. एका दरबाराने दुसऱ्या दरबाराची पदवी उचलली असेल, तर तो उसना शब्द असतो. नगर वसवणाऱ्यांनी पूज्य गावाचे नाव आठवणीने नव्या जागी लावले असेल, तर ते मुद्दाम दिलेले नाव असते. याखेरीज निव्वळ योगायोगही असतो आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार वेळा घडतो, कारण मानवी तोंडातून निघणारे ध्वनी मोजके आहेत आणि नावे अगणित आहेत. शब्द जितका आखूड, तितका योगायोग सोपा.

तीस वर्षांहून अधिक काळ मी जुने लेख, ताम्रपट आणि स्थलनामे यांवर काम करत आले आहे, आणि पद्धत मला एका चुकीने शिकवली. नवखी असताना मी कोकणातील चौल या बंदराच्या नोंदीवर ‘चोल राजघराण्याशी संबंध?’ असे लिहून चिठ्ठी पुढे सरकवली होती. प्रश्नचिन्ह घातले होते, पण मनातून मला ते पटलेलेच होते, कारण चोल दर्यावर्दी होते आणि चौल बंदर होते, मग आणखी काय हवे! ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चिठ्ठी परत केली, तिच्यावर दोनच शब्द होते : ‘कान्हेरी पाहा.’ कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत या गावाचे नाव ‘चेमूल’ असे येते. ग्रीक खलाशांच्या वृत्तांतात ते ‘सेमुल्ला’ आहे आणि दहाव्या शतकातील अरब प्रवाशांनी ते ‘सैमूर’ असे लिहिले आहे. तिन्हींत ‘म’ ठाम बसलेला आहे. हा ‘म’ मराठीत कुठे गेला, ते आपल्या रोजच्या शब्दांत दिसते. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, आमलकाचा आवळा झाला आणि जामात्याचा जावई झाला. दोन स्वरांमधला ‘म’ मराठीत ‘व’ होतो किंवा विरून जातो. चेमूलचे चौल झाले ते याच वाटेने. उलट चोलांचे नाव अशोकाच्या गिरनार येथील लेखात ‘चोडा’ असे आहे आणि त्यात ‘म’ कधीच नव्हता. दोन्ही नावे जुन्या काळाकडे नेत गेलो की ती एकमेकांपासून दूर जातात. खऱ्या नातेवाइकांचे उलट असते. जितके मागे जावे, तितकी ती जवळ येतात. ही एक कसोटी मी त्या दिवसापासून सोडलेली नाही.

ती राजा–रेक्सला लावून पाहू. लॅटिनमधील ‘रेक्स’ हे खरे तर ‘रेग्’ अधिक कर्त्याचा प्रत्यय ‘स्’ असे रूप आहे. षष्ठीत ते ‘रेगिस’ होते. संस्कृतातही ‘राज्’ हे मूळ नाम आहे आणि त्याची प्रथमा ‘राट्’ होते, जी आपल्याला सम्राट, विराट या शब्दांत भेटते. आता ‘ग’ आणि ‘ज’ यांची गाठ एकाच शब्दात पडली असती तर मी मान हलवली नसती. परंतु संस्कृत ‘जानु’ला लॅटिन ‘गेनु’, ‘जनस्’ला ‘गेनुस’, ‘अजति’ला ‘अगित’ असा हिशेब ओळीने जुळतो. दीर्घ ‘ए’ आणि दीर्घ ‘आ’ यांचेही तसेच आहे. ‘अर्धे’ या अर्थी लॅटिनमध्ये ‘सेमि’ आहे, तर संस्कृतात ‘सामि’ आहे. केल्टिक भाषांत हेच नाम ‘रिक्स’ झाले. इसवी सनपूर्व 52 मध्ये ज्युलियस सीझरविरुद्ध गॉल प्रदेशातील उठावाचे नेतृत्व करणाऱ्या वेर्किंगेतोरिक्सच्या नावाचा शेवट तोच आहे. केल्टिकमध्ये दीर्घ ‘ए’चा ‘ई’ होतो, जर्मानिक भाषांत होत नाही, आणि तरीही गॉथिकमधील ‘रीक्स’ व जर्मन ‘राइख’ यांच्या मुळाशी तो ‘ई’ आहे. त्यामुळे जर्मानिक लोकांनी हा शब्द वारशाने मिळवला नाही, केल्टिक शेजाऱ्यांकडून घेतला, हे कळते. म्हणजे एकाच कुळात एका शाखेकडे शब्द वारशाने आला आणि दुसरीकडे उसना आला, आणि हा फरक एका स्वराने उघड केला.

केसरी–सीझर ही जोडी मात्र दुसऱ्याच कारणासाठी मनोरंजक आहे. ‘सीझर’चा लॅटिन उच्चार ‘कैसर’ असा होता आणि ते मुळात पदवी नव्हते, एका घराण्याचे नाव होते. त्याचा अर्थ खुद्द रोमन लोकांनाही नक्की माहीत नव्हता. कोणी ‘पोट कापून जन्मलेला’ असे सांगत, कोणी ‘दाट केसांचा’, कोणी ‘करड्या डोळ्यांचा’, तर कोणी हत्तीशी संबंध जोडत. केसांसाठीचा लॅटिन शब्द ‘कैसरिएस’ आणि संस्कृत ‘केसर’ म्हणजे आयाळ, यांची तुलना जुन्या कोशकारांनीही केली आहे. ती अडखळते ती येथे : लॅटिनमध्ये दोन स्वरांमधला एकेरी ‘स’ पुढे ‘र’ झाला, म्हणूनच आपल्या ‘जनसः’समोर त्यांचे ‘गेनेरिस’ उभे आहे. मग ‘कैसरिएस’मध्ये ‘स’ टिकला कसा? लगेच पुढे ‘र’ असेल तर तो टिकतो, असे म्हणायला थोडे दाखले आहेत, म्हणून केसांपुरती ही शक्यता मी पुरती पुसून टाकत नाही. परंतु आयाळीवरून सिंह झालेला आपला ‘केसरी’ आणि कुलनामावरून सम्राट झालेला त्यांचा ‘कैसर’ या दोन पदव्या एकमेकींपासून निघालेल्या नाहीत, हे निश्चित.

कैसरची खरी कथा उसनवारीची आहे आणि ती व्युत्पत्तीपेक्षा रंजक आहे. इसवी सनपूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला, त्याच्या वारसाने ते नाव धारण केले आणि पुढच्या सम्राटांनी ते पद म्हणून वापरले. स्लाव्ह भाषांत त्याचा ‘त्सार’ झाला, जर्मनमध्ये ‘कायझर’ झाला. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदाने ‘कैसर-ए-रूम’ म्हणवून घेतले, आणि 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीची सम्राज्ञी म्हणून घोषणा झाली, तेव्हा हिंदी जनतेसाठी ‘कैसर-ए-हिंद’ हे रूप निवडले गेले. व्यक्तीच्या नावाची पदवी होणे हे एकदाच घडले असेही नाही. फ्रँक सम्राट शार्लमेनचे मूळ नाव ‘कार्ल’ पूर्व युरोपात ‘राजा’ या अर्थी सामान्यनाम झाले. पोलिशमधील ‘क्रुल’, हंगेरियनमधील ‘किराय’ आणि तुर्कीतील ‘क्राल’ ही त्याचीच रूपे. कैसरच्या उसनवारीचा आणखी एक दाखला भारतीय उपखंडातला आहे. अटकेजवळच्या आरा येथील खरोष्ठी लिपीतील लेखात कनिष्क नावाच्या कुषाण राजाला ‘महाराज’, ‘राजातिराज’, ‘देवपुत्र’ आणि ‘कैसर’ अशी विशेषणे लावली आहेत. शेवटच्या शब्दाचे वाचन सर्वांना मान्य नाही. ते बरोबर असेल तर एका ओळीत भारत, इराण, चीन आणि रोम अशा चारही दिशांच्या पदव्या त्या राजाने अंगावर घातल्या होत्या, असे म्हणावे लागेल. पदव्यांचे हे नेहमीचे वळण आहे. प्रतिस्पर्ध्याकडे जे आहे ते आपल्याकडेही हवे. म्हणून पदव्यांच्या बाबतीत मी वारशाआधी उसनवारी तपासते.

आता क्षत्रप–छत्रपती. मराठी माणसाला ही जोडी सर्वांत मोहात पाडते आणि मोहाला सबळ कारणही आहे. ‘क्षत्रप’ हा इराणी शब्द आहे. इराणचा सम्राट दारयवहु याच्या बेहिस्तून येथील लेखात, म्हणजे इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस, प्रांताधिपतीला याच धाटणीचा, ‘राज्याचा रक्षक’ अशा अर्थाचा शब्द आहे. ग्रीकांनी त्याचा ‘सत्रापेस’ केला. त्यातील पहिला भाग आणि संस्कृत ‘क्षत्र’ हे सख्खे भाऊ आहेत. भारतात शकांबरोबर ही पदवी आली तेव्हा संस्कृत जाणणाऱ्यांना ती आपलीच वाटली असणार. नाशिकच्या पांडवलेण्यांत शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात स्वतःची ओळख ‘राज्ञः क्षहरातस्य क्षत्रपस्य नहपानस्य जामात्रा’ अशी देतो. जुन्नरच्या लेखात, नहपानाच्या 46 व्या वर्षी, तोच राजा ‘महाखतप’ आहे. आणि मथुरेच्या सिंहस्तंभशीर्षावर, खरोष्ठी लिपीत, तेथील शक क्षत्रप राजूलाची पदवी चक्क ‘महाछत्रव’ अशी लिहिली आहे. ‘क्ष’चा प्राकृतात एकीकडे ‘ख’ होतो आणि दुसरीकडे ‘छ’ होतो, त्याचा हा परिणाम. ‘छत्रव’ समोर दिसल्यावर ‘छत्रपती’ आठवणार नाही असा मराठी वाचक मला भेटायचा आहे.

तरीही नाते नाही. ‘छत्रपती’मधील छत्र हे ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूपासून आलेले राजाचे छत्र आहे, आणि ‘अश्वपती’, ‘गजपती’, ‘नरपती’ या राजबिरुदांच्या ओळीत तो शब्द सहज बसतो. ‘क्षत्रप’ची फोड ‘क्षत्र’ अधिक ‘प’, ‘छत्रपती’ची फोड ‘छत्र’ अधिक ‘पती’. म्हणजे जेथे दोन शब्द सर्वांत सारखे ऐकू येतात, तेथेच त्यांचे सांधे वेगवेगळ्या जागी आहेत. हे कोणाला हातात धरून दाखवायचे असेल तर मी शिवराई काढते. त्या तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आहे आणि दुसऱ्या बाजूला वरच्या ओळीत ‘छत्र’, खालच्या ओळीत ‘पति’. ओळ जागेअभावी तुटली असेल, म्हणून मी त्याला पुरावा म्हणत नाही, पण तुटली आहे ती नेमकी सांध्यावर. अर्थाचा फरक तर त्याहून मोठा आहे. क्षत्रप हा मुळात कोणा सम्राटाच्या हाताखालचा अधिकारी. पुढे पश्चिम क्षत्रप स्वतंत्र झाले, तरी त्यांनी ती पदवी सोडली नाही. छत्र ज्याच्या डोक्यावर तो मात्र कोणाच्याच हाताखालचा नव्हे, आणि 6 जून 1674 रोजी रायगडावर नेमके तेच जाहीर करायचे होते.

शाह–शहा लवकर आटोपते. राजपदवीतील ‘शाह’ हा बेहिस्तूनच्या लेखातील ‘ख्शायथिय’ या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. ‘राजांचा राजा’ ही दारयवहुची पदवी झिजत ‘शहेनशाह’ झाली, मधल्या टप्प्यावर ती कुषाण नाण्यांवर ‘शाओनानोशाओ’ म्हणून दिसते आणि समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभलेखात ‘दैवपुत्रषाहिषाहानुषाहि’ अशा लांबलचक समासात सापडते. व्यापारी घराण्यांतील ‘शहा’ हे आडनाव मात्र ‘साधु’चे ‘साहु’, ‘साह’ होत आले आहे. ‘चोर आणि साव’ यातला ‘साव’ आणि आपला ‘सावकार’ हे त्याच घरचे. म्हणजे आडनावातील शहा हा सावकाराचा भाऊ आहे, शहेनशाहाचा नव्हे. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरा धरली तर ‘शहाजी’मधला ‘शहा’ पुन्हा फारसी ठरतो. मराठीत एकाच अक्षरजोडीखाली दोन बिऱ्हाडे राहतात, त्याला इलाज नाही.

राम–रामेसेसमध्ये कान फसतो तो शब्द चुकीच्या जागी तोडल्यामुळे. ते इजिप्तच्या अनेक राजांचे नाव; तेथे त्याची फोड ‘रा’ म्हणजे सूर्यदेव, आणि ‘त्याला जन्म दिला’ या अर्थाचा उरलेला भाग, असे आहे. ‘थुतमोस’ या नावातही तोच ‘मोस’ आहे. म्हणजे ‘राम’ असा तुकडा त्या नावात पडतच नाही. त्या काळी नाव कसे उच्चारत, याचाही साक्षीदार आहे. दुसऱ्या रामेसेसने हित्ती राजाशी केलेल्या तहाची अक्कादी भाषेतील प्रत हित्तींच्या जुन्या राजधानीत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे, सापडली आणि तिच्यात त्याचे नाव ‘रिअमशेश’ असे कीलाक्षरांत लिहिले आहे. ‘रि’ आणि ‘अ’ वेगळे उच्चारले जात होते, तेव्हा रामाशी असलेले उरलेसुरले साम्यही गळून पडते.

मौज अशी की त्याच बोगाझकोयच्या दप्तरात खरे नातेही सापडते. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील हित्ती–मितान्नी तहात साक्षीदार म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची नावे आहेत. मितान्नी हे आजच्या सीरियाच्या बाजूचे राज्य, तुश्रत्त हा त्याचाच राजा, आणि मितान्नी राजांची नावे त्याच जुन्या भाषेतील आहेत. तेव्हा दशरथ–तुश्रत्त जोडणाऱ्याने योग्य दाराशी जाऊन चुकीची कडी वाजवली. ‘तुश्रत्त’मध्ये ‘रथ’ आहे, हे बहुतेक अभ्यासक मानतात. पण पहिला भाग ‘दश’ नसून ‘त्वेष’ असावा, म्हणजे ‘ज्याचा रथ आवेशाचा आहे तो’. ‘त्वेषरथ’ हे विशेषण ऋग्वेदात मरुतांना लावलेले आहे. म्हणून मी ही जोडी अर्धी खरी मोजली.

नगरांच्या नावांचे गणित वेगळे असते. पदवी शत्रूकडूनही घेतली जाते, गावाचे नाव मात्र आदराने घेतले जाते. अयुत्थया हे थायलंडमधील नगर 1350 च्या सुमारास वसले आणि 1767 मध्ये बर्मी सैन्याने ते उद्ध्वस्त केले. त्याचे नाव अयोध्येवरून ठेवले होते, आणि ते ठेवणाऱ्यांना रामकथा ठाऊक होती. तेथील पहिला राजा रामाधिपती म्हणवला आणि 1782 पासूनच्या चक्री वंशातील राजे आजही राम पहिला, राम दुसरा असे मोजले जातात. जावा बेटावरील योग्यकर्ता या नगराच्या नावातही अयोध्याच आहे. येथे ध्वनींचे साम्य, साहित्य, पदव्या आणि समुद्रमार्ग असे चार साक्षीदार एकच गोष्ट सांगतात. याचा अर्थ थाई भाषा संस्कृतची लेक आहे, असा मात्र होत नाही, आणि यादी करणारे उडी मारतात ती येथेच.

कंबोज–कंबोडिया येथे मी निकाल राखून ठेवते. अशोकाच्या लेखांतील ‘योन-कंबोज’ हे वायव्येकडचे लोक. ख्मेर राजांच्या संस्कृत लेखांत देशाचे नाव ‘कंबुज’ असे आहे आणि दहाव्या शतकातील त्यांचाच एक लेख ‘कंबु’ नावाच्या ऋषीला मूळपुरुष मानतो, म्हणजे कंबूपासून जन्मलेले ते कंबुज. ही त्यांनी स्वतः सांगितलेली कथा आहे. ती मूळ व्युत्पत्ती आहे की आधीच असलेल्या नावाला नंतर दिलेला अर्थ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वर इसवी सनपूर्व 525 मध्ये इजिप्त जिंकणारा इराणी सम्राट ‘कंबुजिय’ आहेच, आणि त्याचे नाव वायव्येच्या कंबोजांशी जोडावे की नाही, हाही वाद जुना आहे.

यावरून आपण विचारलेल्या ‘कसे निवडायचे’ या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, आजचा उच्चार बाजूला ठेवून प्रत्येक नावाचे सर्वांत जुने लिखित रूप शोधावे, ते त्याच्या स्वतःच्या भाषेत कुठे तुटते ते पाहावे, ध्वनींची अदलाबदल आणखी दहा शब्दांत तशीच होते का ते तपासावे, आणि शेवटी शब्दाला प्रवास करायला वाट व वाटाड्या होता का, हे विचारावे. किती पुरावा पुरेसा मानायचा, हे नावागणिक बदलते. दोन अक्षरी नावाला मी फार जास्त मागते, ‘दैवपुत्रषाहिषाहानुषाहि’सारख्याला फार थोडे.

साम्य असले म्हणजे नाते असतेच असे नाही, तसेच साम्य नसले म्हणजे नाते नाही, हेही धरून चालू नये. ‘एअरे’ हे आयर्लंडचे नाव आणि ‘इराण’ कानाला जवळ वाटतात; इराण ‘आर्यांचा’ या अर्थाच्या रूपापासून आले आहे, एअरेच्या जुन्या रूपात मात्र ‘आर्य’ सापडत नाही. उलट ‘बगदाद’ ऐकून कोणाला काही आठवत नाही. त्याची सर्वाधिक मान्य व्युत्पत्ती इराणी ‘बग’ म्हणजे देव आणि ‘दात’ म्हणजे दिलेला अशी आहे. तो ‘बग’ म्हणजे आपल्या ‘भगवान’मधला ‘भग’, आणि महाभारतात हत्तीवर बसून लढणाऱ्या प्राग्ज्योतिषाच्या राजाचे नाव आहे भगदत्त. आपल्या यादीत ही जोडी नव्हती. नववी म्हणून ती घालावी, असे मी सुचवेन.